‘शौचाचा रिपोर्ट नॉर्मल’: मग जुलाब का थांबत नाहीत?

पत्र : माझे मिस्टर ४६ वर्षांचे आहेत. गेल्या वर्षी जूनमध्ये त्यांचं किडनी ट्रान्सप्लांट झालं, किडनी सासूबाईंनी दिली. शरीराने किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन चालू आहे, बीपीसाठी टेल्मिसार्टन. वर्ष झाल्यावर सेप्ट्रान ही अँटिबायोटिकची गोळी बंद केली. गेले १८ दिवस रोज आठ-दहा वेळा पाण्यासारखे जुलाब होताहेत. रक्त नाही, ताप नाही. वजन ६४ किलोवरून ५९ वर आलं. गावातल्या डॉक्टरांनी पाच दिवस ऑफ्लोक्सासिन-ऑर्निडाझोल दिलं, उपयोग झाला नाही, मग जुलाब बांधायच्या गोळ्या दिल्या. शौचाचा रिपोर्ट नॉर्मल आहे. किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन १.२ होतं, ते १.९ झालंय. चहाचा कप धरला की हात थरथरतो. दीर म्हणतात, हे मायकोफेनोलेटमुळेच, आठवडाभर बंद करून बघू. पुण्याच्या ट्रान्सप्लांट सेंटरची तारीख १२ दिवसांनी आहे, तोवर मी शहाळी देतेय. घरी गाय आहे, तिचं वासरू तीन आठवड्यांचं. त्यालाही हगवण लागली होती. गोठा हेच बघतात. काय करू?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, १२ दिवस थांबू नका. आजच सेंटरला फोन करा आणि उद्या सकाळी तिथे पोचायच्या तयारीने करा. फोनवर कोऑर्डिनेटरला लांबण न लावता एवढंच सांगा: ट्रान्सप्लांटला १४ महिने, १८ दिवस पातळ जुलाब, वजन ५ किलो उतरलं, क्रिएटिनिन १.२ वरून १.९, हाताला कंप. या पाच गोष्टी ऐकल्यावर सहसा कोणी ‘तारखेलाच या’ म्हणत नाही. फोन लागलाच नाही तर तारखेशिवाय जा, इमर्जन्सीत दाखवा. रस्त्यात किंवा रात्रीतून ताप १००.४ च्या वर गेला, शौचात रक्त दिसलं, उभं राहिल्यावर अंधारी आली, सहा-आठ तास लघवी झाली नाही किंवा गोळ्या उलटून पडायला लागल्या, तर पुणे गाठायची वाट न बघता जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात सलाइन सुरू करून घ्या.

हात थरथरण्याबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय, पण आमचं लक्ष आधी तिथेच गेलं. टॅक्रोलिमसची गोळी पोटात गेली की एरवी तिचा सरासरी पाव हिस्साच रक्तात पोचतो. बाकीची आतड्याच्या आणि यकृताच्या पेशी वाटेतच मोडतात किंवा परत आतड्यात ढकलतात. जुलाबांनी आतड्याचं अस्तर सोललं गेलं की हा पहारा ढिला पडतो आणि तेवढ्याच गोळीतून दुप्पट-तिप्पट औषध रक्तात शिरू शकतं. लोकांचा समज नेमका उलटा असतो, की जुलाबात गोळी वाहून जाते. टॅक्रोलिमस वाढलं की हात कापतात, डोकं दुखतं, पोटॅशियम चढतं आणि किडनीच्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात. म्हणजे क्रिएटिनिन वाढायला इथे दोन कारणं एकमेकांना धरून असू शकतात: अंगातलं पाणी कमी झालंय आणि औषध जास्त झालंय. पण कप थरथरतो म्हणून गोळी घरच्या घरी अर्धी करू नका. आधी औषधाची रक्तातली पातळी, म्हणजे लेव्हल, बघायची.

ती लेव्हल नीट व्हायची असेल तर रक्त सकाळचा डोस घेण्याआधी, रात्रीच्या डोसनंतर १२ तासांनी द्यावं लागतं. आज रात्रीची गोळी आठला घेतली तर उद्या रक्त सकाळी आठच्या सुमाराला. सकाळची गोळी खिशात न्यायची, रक्त दिलं की लगेच घ्यायची. घरातून निघताना सवयीने गोळी घेतली जाते, लेव्हल फुगलेली येते, डोस उगाच कमी होतो आणि पंधरा दिवसांनी रिजेक्शनची, म्हणजे शरीराने किडनी नाकारण्याची, भीती उभी राहते. हे वारंवार घडतं. गावाहून निघायला उशीर होणार असेल तर आज रात्रीची गोळी किती वाजता घ्यायची ते कोऑर्डिनेटरलाच विचारून ठेवा.

आता दिरांचं म्हणणं. ते अगदीच चुकीचं नाही, मायकोफेनोलेटने जुलाब होतात, आणि महिनोन्महिने सुरळीत चालल्यावरही होऊ शकतात. चुकतंय ते ‘बंद करून बघू’ हे. बंद केल्यावर जुलाब थांबले तरी कारण कळत नाही, कारण प्रतिकारशक्तीवरचा दाब थोडा सुटला की काही जंतूंचा संसर्गही आपसूक आटोक्यात येतो. आणि त्या आठवड्यात शरीराने सासूबाईंच्या किडनीवर हल्ला चढवला तर ते लघवीत किंवा तब्येतीत लगेच दिसत नाही. डॉक्टर तेच औषध कमी करतात, दिवसातून दोनऐवजी तीन-चार वेळा विभागून देतात किंवा आतड्यात विरघळणाऱ्या आवरणाच्या प्रकारावर नेतात, पण लेव्हल आणि क्रिएटिनिन डोळ्यांसमोर ठेवून. आवरणाच्या गोळीचे आकडे वेगळे असतात, साध्या १००० मिलिग्रॅमच्या जागी ती ७२० मिलिग्रॅम लागते. तेव्हा बदलून दिली तर चिठ्ठीवरचा आकडा केमिस्टकडे पुन्हा ताडून घ्या.

प्रेडनिसोलोन तर एकही दिवस चुकवायचं नाही. वर्षभर बाहेरून स्टेरॉइड मिळाल्यावर शरीराची स्वतःची ग्रंथी सुस्तावलेली असते. जुलाबात ते एकदम थांबलं तर बीपी कोसळतं. उलट्या होऊन गोळी पोटात राहत नसेल तर स्टेरॉइड इंजेक्शनमधून द्यावं लागतं. गावातल्या डॉक्टरांनाही ‘हे रोज स्टेरॉइडवर आहेत’ हे पहिल्याच वाक्यात सांगा. टेल्मिसार्टनचा मामला मात्र वेगळा. अंगात पाणी कमी असताना ही गोळी किडनीला आणखी ताण देते आणि पोटॅशियम वाढवते. बऱ्याचदा जुलाब थांबेपर्यंत ती थांबवायला सांगतात, म्हणून आजच्या फोनवर हा प्रश्न नाव घेऊन विचारा. लघवीची गोळी किंवा मधुमेहाच्या गोळ्या असतील तर त्यांबद्दलही.

जुलाब बांधायची गोळी आता नको. नुकतंच अँटिबायोटिक झालंय आणि जुलाब चालूच आहेत, तेव्हा क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जंतू नाही ना, हे आधी बघायला हवं. अँटिबायोटिकने आतड्यातले नेहमीचे जंतू मेले की हा रिकाम्या जागेत पसरतो आणि विष सोडतो. अशा वेळी आतडं बांधून ठेवलं तर ते विष आतच साचतं. पोटदुखीवर डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन नको, किडनी एक आहे. केमिस्टकडून आणखी एखादं अँटिबायोटिक आणायचा मोह होईल, तोही टाळा. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन आणि बुरशीवरचं फ्लुकोनॅझोल टॅक्रोलिमसची लेव्हल वर नेतात, रिफॅम्पिसिन ती पार खाली आणतं. गुळवेलीचा काढा आणि ‘प्रतिकारशक्ती वाढवणारी’ चूर्णंही बाजूला ठेवा. इथे प्रतिकारशक्ती औषध देऊन मुद्दाम दाबून ठेवली आहे. शिवाय गुळवेलीने यकृताला सूज आल्याची उदाहरणं आपल्याकडे नोंदलेली आहेत. प्रोबायोटिकच्या कुप्यासुद्धा निरुपद्रवी समजू नका. त्यातल्या यीस्टने प्रतिकारशक्ती दबलेल्या रुग्णांच्या रक्तात संसर्ग झालेला आहे.

राहिली शहाळी. त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी. जुलाबात बाहेर जातं ते मुख्यतः सोडियम, आणि टॅक्रोलिमस, टेल्मिसार्टन आणि १.९ क्रिएटिनिन, तिघंही पोटॅशियम चढवणारे. रक्तातलं पोटॅशियम कळेपर्यंत शहाळं बंद, मोसंबीचा रस बंद. ओआरएस द्या. १ लिटरची पुडी पूर्ण १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, २०० मिलीची छोटी पुडी २०० मिलीतच. पेल्याच्या अंदाजाने नको, मापाच्या बाटलीने. घट्ट झालं तर जुलाब वाढतात, पातळ झालं तर काम होत नाही. टेट्रापॅकमधली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे, पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचा फॉर्म्युला लिहिलेला बघून घ्या. रात्री-अपरात्री पुडी नसेल तर १ लिटर पाण्यात सपाट ६ चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा, ५ मिलीचा. दर जुलाबामागे २०० ते ४०० मिली, घोटाघोटाने. खऱ्या ओआरएसमध्येही थोडं पोटॅशियम असतं, पण ते मोजून घातलेलं असतं. आज-उद्यापुरती त्याची भीती नको. सकाळी उठल्याबरोबर वजन, दिवसभरात प्यायलेलं आणि लघवीचं माप एका कागदावर लिहून तो कागद सोबत न्या. जेवण मात्र बंद करू नका. मऊ भात, मुगाचं वरण, पेज चालते. आतडं सोललेलं असताना दूध पचत नाही, त्याने जुलाब वाढतात, म्हणून आठवडाभर चहाही बिनदुधाचा.

आणि आता तो ‘नॉर्मल’ रिपोर्ट. साध्या तपासणीत शौचाचा एक थेंब सलाइनमध्ये, एक आयोडीनमध्ये घेऊन काचेवर बघतात. त्यात अमिबा, जिआर्डिया, जंतांची अंडी, पू आणि रक्ताच्या पेशी दिसतात. तुमच्या मिस्टरांसारख्या रुग्णात ज्यांची शंका पहिली येते, ते त्या काचेवर बहुतेक दिसतच नाहीत. क्रिप्टोस्पोरिडियम (थोडक्यात क्रिप्टो) नावाच्या परजीवीची बीजं ४ ते ६ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), यीस्टसारखी दिसणारी. न रंगवता बघणारा ती यीस्ट समजून सोडून देतो. मायक्रोस्पोरिडिया हे दुसरे परजीवी त्याहूनही बारीक, एक-दोन मायक्रॉन. तेव्हा नॉर्मल म्हणजे ‘जे बघितलं त्यात काही नाही’ एवढंच. यात गावातल्या लॅबचा दोष नाही, त्यांना जे सांगितलं ते त्यांनी केलं. दोष त्या कागदावर विसंबून १८ दिवस घालवण्यात आहे.

सेंटरमध्ये शौचाच्या तपासणीच्या चिठ्ठीवर ‘किडनी ट्रान्सप्लांट, जुने जुलाब’ असं लिहिलंय का ते बघा. त्यावरूनच मायक्रोबायॉलॉजीवाले वेगळे रंग वापरतात. क्रिप्टोस्पोरिडियम, सायक्लोस्पोरा आणि सिस्टोआयसोस्पोरा यांसाठी मॉडिफाइड झेडएन, म्हणजे टीबीच्या थुंकीसाठी वापरतात त्याच पद्धतीचा, पण सौम्य आम्लाचा रंग. मायक्रोस्पोरिडियासाठी मॉडिफाइड ट्रायक्रोम, तो प्रत्येक लॅबमध्ये होत नाही. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलचं विष स्वतंत्र सांगावं लागतं. हे परजीवी रोज सारखे बाहेर पडत नाहीत, म्हणून तीन वेगवेगळ्या दिवसांचे तीन नमुने. नमुना कोरड्या, स्वच्छ डबीत घ्या, लघवी किंवा कमोडचं पाणी मिसळू देऊ नका, तासाभरात लॅबमध्ये पोचवा. सातारा-पुणे प्रवासात डबी पिशवीत घेऊन बसण्यापेक्षा पहिला नमुना तिथे पोचल्यावर दिलेला बरा. पीसीआर पॅनेल महाग असतं, पण क्रिप्टो, जिआर्डिया, नोरोव्हायरस एका फटक्यात सांगतं. फक्त बऱ्याच पॅनेलमध्ये मायक्रोस्पोरिडिया आणि सिस्टोआयसोस्पोरा नसतात. पॅनेल केलं म्हणून काच बघायची राहिली, असं होऊ देऊ नका.

पत्रातले दोन धागे डॉक्टरांना आवर्जून सांगा. पहिला वासराचा. महिन्याच्या आतली वासरं क्रिप्टोस्पोरिडियमने हगवतात तेव्हा शेणातून असंख्य बीजं बाहेर टाकतात, आणि माणसाला लागायला थोडी पुरतात. धडधाकट माणसाला आठ-दहा दिवस जुलाब होऊन सुटतो, दाबलेल्या प्रतिकारशक्तीत तो महिनोन्महिने चिकटतो. यावर निटाझोक्सानाइड देतात, साधारण ५०० मिलिग्रॅम दोन वेळा, १४ दिवस किंवा जास्त. पण ते एकट्याच्या जोरावर क्वचितच पुरं पडतं, डॉक्टरांना सोबत प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं थोडी सैल करावी लागतात. दुसरा धागा सेप्ट्रानचा. ती फुप्फुसाचा संसर्ग होऊ नये म्हणून दिलेली असते, पण जाता जाता सिस्टोआयसोस्पोरा आणि सायक्लोस्पोरालाही रोखते. ती बंद झाल्यावर दोन महिन्यांत, ऐन पावसाळ्यात, पाण्यासारखे जुलाब लागणं नजरेआड करण्यासारखं नाही. सिस्टोआयसोस्पोरा निघाला तर औषध सेप्ट्रानच, मोठ्या डोसमध्ये. त्यानेही पोटॅशियम आणि क्रिएटिनिन वाढतं, म्हणून ती डबीत उरलेली दिसली तरी स्वतःहून सुरू करू नका.

शौचात काहीच सापडलं नाही तर कोलोनोस्कोपीचा, म्हणजे मोठं आतडं दुर्बिणीने आतून बघण्याचा, विषय निघेल. त्याला नको म्हणू नका. सीएमव्ही नावाचा विषाणू आपल्याकडे बहुतेक मोठ्या माणसांच्या अंगात निपचित असतो आणि अशा रुग्णांत आतड्यात जागा होतो. रक्तातला सीएमव्ही पीसीआर निगेटिव्ह आला तरी आतड्यात तो असू शकतो, खात्री बायोप्सीनेच, म्हणजे आतड्याचा बारीक तुकडा तपासूनच, होते. त्याच बायोप्सीत मायकोफेनोलेटची खूणही दिसू शकते, आणि दिरांच्या शंकेचा निकाल तिथे लागेल. लहान आतड्याच्या टोकाच्या टीबीलाही आपल्या देशात विसरून चालत नाही. ताप नाही म्हणून तो नाही, असं नसतं. टीबी निघाला तर रिफॅम्पिसिन आणि टॅक्रोलिमस यांचं गणित जमवायला छातीचे आणि किडनीचे डॉक्टर एकमेकांशी बोललेले हवेत. सरकारी केंद्रातून परस्पर औषध सुरू व्हायला नको. आणि मिस्टर अनवाणी शेतात, गोठ्यात वावरतात का ते सांगा. स्ट्राँजिलॉइड्स नावाचा बारीक जंत तळपायातून शिरतो, वर्षानुवर्षं गप्प राहतो आणि स्टेरॉइडवर असलेल्या माणसात अंगभर पसरू शकतो. त्याच्यावर आयव्हरमेक्टिन आहे, पण आधी त्याची आठवण व्हायला हवी.

ते पुण्यात असतील तेवढ्या वेळात घरी पाण्याची व्यवस्था बदला. क्रिप्टोची बीजं क्लोरीनला दाद देत नाहीत. अमेरिकेत मिलवॉकी शहरात १९९३ साली शुद्धीकरण केलेल्या नळाच्या पाण्यातून सुमारे चार लाख माणसं आजारी पडली ती याच परजीवीने. म्हणून विहिरीत टाकलेली ब्लीचिंग पावडर किंवा हंड्यातले क्लोरीनचे थेंब या कामाचे नाहीत, तुरटी तर फक्त गाळ बसवते. पाणी खळखळून उकळू लागल्यावर पूर्ण एक मिनिट उकळू द्या, झाकून गार करा आणि तोटीच्या भांड्यात भरा. माठात पेला बुडवला की उकळण्याचे कष्ट वाया जातात, कारण बुडणाऱ्या बोटांचा भरवसा नाही. दात घासायला, गोळ्या गिळायला, बर्फालाही हेच पाणी. कोथिंबीर पोह्यांवर वरून भुरभुरवण्याऐवजी कढईत घालून एक वाफ काढा. पानांच्या घड्यांत बसलेला सायक्लोस्पोरा धुऊन पुरता जात नाही. कच्ची मोड आलेली मटकी, बाहेरची चटणी, उसाचा रस, देवळातलं तीर्थ सध्या नको. फळ सोलून खायचं असेल तेच. पपनस मात्र सोलूनही नको, त्याने टॅक्रोलिमस वाढतं.

हात साबणाने, वाहत्या पाण्याखाली, २० सेकंद चोळून धुवायचे. सॅनिटायझरने क्रिप्टो, नोरोव्हायरस आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल यांतलं काहीच नीट मरत नाही. घरात तान्हं बाळ असेल आणि त्याला नुकताच रोटाव्हायरसचा डोस पाजला असेल, तर चार आठवडे त्याची लंगोटं मिस्टरांनी बदलायची नाहीत.

उपचार लागू पडून जुलाब आटोक्यात आले की आतड्याचा तो पहारा पुन्हा उभा राहतो आणि टॅक्रोलिमसची लेव्हल खाली घसरते. जुलाबांच्या दिवसांत डोस कमी केलेला असेल तर ती जास्तच घसरते, आणि रिजेक्शनचा धोका नेमका तेव्हा असतो. म्हणून डिस्चार्ज घेताना पुढच्या लेव्हलची तारीख लिहून मागा. सुरुवातीला ती आठवड्याच्या आत हवी, मग जुलाब पूर्ण थांबल्यावर पुन्हा एकदा. गोठा आता दिरांकडे द्या. वासरू बरं दिसायला लागलं तरी त्याच्या शेणातून काही दिवस बीजं पडत राहतात आणि ओलसर गोठ्यात ती महिनोन्महिने टिकतात. जमीन गरम पाण्याने धुवा, उघडीप मिळेल तेव्हा कडक वाळू द्या, आणि मिस्टरांच्या गोठ्यातल्या चपला घराच्या पायरीबाहेरच ठेवा.